हरल्याचे पेढे

भर सभेत मी एकदा एक वाद जिंकले, आणि त्याची लाज मला अजून पुरते आहे. माझे बाकीचे मूर्खपणे मी नातवंडांना हसत हसत सांगते. नवीन लग्न झालेलं असताना ह्यांच्या साहेबांना चपराशी समजून त्यांच्या हातात भाजीची पिशवी दिली होती, आणि त्या बिचाऱ्यांनी ती स्वयंपाकघरापर्यंत आणूनही ठेवली, हे तर मी दर दिवाळीला सांगते. हा एक मूर्खपणा मात्र आजवर कोणाला सांगितला नाही. ज्यांच्याविरुद्ध जिंकले ते आता या जगात नाहीत, आणि एकाहत्तराव्या वर्षी असल्या गोष्टी साठवून ठेवण्यात काही अर्थ नाही, म्हणून लिहून टाकते.

ते म्हणजे आमच्या ह्यांचे दोस्त. मी त्यांना भाऊजी म्हणायचे, ते मला वहिनी. मध्य प्रदेशातल्या आमच्या अख्ख्या बालाघाट जिल्ह्यात त्यांच्यासारखा वाद घालण्याचा शौकीन माणूस झाला नाही, आणि त्यांच्याइतक्या वेळा हरलेलाही झाला नाही. नोकरी पटवारीची, म्हणजे तलाठ्याची, पुढे मोजणीच्या साहेबकीपर्यंत पोचलेली. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी लोकांची शेतं मोजली आणि त्याबरोबर लोकांची भांडणंही ऐकली. त्यातून त्यांचं एक शास्त्र तयार झालं होतं. जमीन मोजायची लोखंडी साखळी असते ना, जरीब, तिचा दाखला ते नेहमी द्यायचे. म्हणायचे, "वहिनी, जरीब एकट्यानं धरून काही मोजता येते का? दुसरं टोक समोरच्याच्या हातात पाहिजे. अन् त्यानं ते घट्ट धरलं का नाही, हे आपणच पाहाचं. तो ढिला पडला तर मापच चुकते जी." म्हणून वाद सुरू करण्याआधी ते समोरच्याचं म्हणणं आधी स्वतः सांगायचे, तेही त्याच्यापेक्षा चांगलं. सांगून झालं की विचारायचे, "हेच म्हणणं आहे ना तुमचं?" समोरचा "हौ" म्हणेपर्यंत स्वतःचं एक अक्षर बोलायचे नाहीत. समोरच्याला नीट बोलता येत नसलं तर त्याच्या वतीनं दोन मुद्दे पदरचे घालायचे.

या शास्त्रापायी त्यांच्या घरी काय हाल व्हायचे ते त्यांच्या बायकोला विचारावं. एकदा ते बाजारात वांगी घ्यायला गेले. वांगी जरा दबलेली होती, म्हणून भाव कमी कर म्हणायचं होतं. पण त्याआधी शिस्तीप्रमाणे भाजीवालीची बाजू मांडायला लागले. बाई पहाटेची उठलेली आहे, किरनापुरहून टेम्पोत उभ्यानं आलेली आहे, टेम्पोवाल्यानं तिच्या टोपल्यावर दुसऱ्याचं पोतं ठेवलं यात तिचा काय दोष, आणि दबलेलं वांगं चवीला काही वेगळं लागत नाही. भाजीवाली ऐकतच राहिली. म्हणाली, "बाबूजी, आप रोज आके बोलो मेरे ठेले पे." भाऊजींना स्वतःचंच म्हणणं इतकं पटलं, की ते अख्खी टोपली घेऊन घरी आले. पाच दिवस त्यांच्याकडे वांगी होती. सहाव्या दिवशी त्यांची बायको आमच्याकडे येऊन म्हणाली, "वं बाई, या माणसाले एक दिवस कोणाची तरी बाजू समजली नाही पाहिजे. मी मंदिरात नारळ फोडीन."

लांजीच्या बसमध्ये तर कहर झाला होता. एका प्रवाशाचं आणि कंडक्टरचं खिडकीच्या जागेवरून जुंपलं. भाऊजी मधे पडले. त्यांचा दुसरा एक आवडता प्रश्न होता, तो त्यांनी दोघांना विचारला, "काय दाखवलं तर तुमी आपलं म्हणणं सोडाल, ते आधी सांगा." त्यांचं म्हणणं असं, की ज्याला या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही तो वाद घालत नाही, नुसता आवाज करतो. प्रवाशानं पिशवी मांडीवर ओढून तोंड फिरवलं. कंडक्टर म्हणाला, "तुम्ही खाली उतरून दाखवा, मी सोडतो." भाऊजींना हे उत्तर फार प्रामाणिक वाटलं. ते उतरले. पुढची बस दोन तासांनी होती. घरी आल्यावर आमच्या ह्यांना म्हणाले, "पण त्यानं शब्द पाळला हो. उतरल्या उतरल्या भांडण बंद!"

आणि किरनापुरच्या त्या दोन चुलतभावांची गोष्ट तर ते स्वतःच सांगत फिरायचे. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्यांचं सात वर्षं भांडण चाललेलं. भाऊजी मोजणीला गेले, आणि जरीब खाली ठेवून म्हणाले, आज मोठ्यानं धाकट्याची बाजू मांडायची आणि धाकट्यानं मोठ्याची. मोठा आधी कुरकुरला, मग बोलायला लागला, आणि बोलता बोलता कपाळावर हात मारून म्हणाला, की या पोरावर केवढा अन्याय झाला! धाकटाही पेटला, की नाही, दादाचीच जमीन दाबली गेली आहे. झालं, दोघं पुन्हा एकमेकांच्या अंगावर धावून गेले, फक्त उलट्या बाजूनं. माप त्या दिवशी झालंच नाही. भाऊजी मात्र खूश. "भांडण तेच आहे जी," म्हणायचे, "पण आता दोघंही दुसऱ्याच्यासाठी भांडून राह्यले. याच्यापेक्षा सरकारनं आणखी का करावं?"

सगळ्यात मोठी गंमत त्यांच्या हरण्याची. वादात आपलं मत बदललं, की दुसऱ्या दिवशी सकाळी ते समोरच्याच्या घरी पावशेर पेढे घेऊन जायचे. हरल्याचे पेढे. म्हणायचे, "कालपर्यंत चुकीचं घेऊन फिरून राह्यलो होतो, तुमी सोडवलं. तोंड गोड करा." गल्लीतल्या काही लबाड लोकांनी याचा धंदाच केला होता. संध्याकाळी मुद्दाम कट्ट्यावर बसून वाद काढायचे, आज पाऊस पडेल की नाही इथपासून. भाऊजींना हे कळत नव्हतं असं नाही. पण खोटं कारण काढून का होईना, माणूस दोन बाजू ऐकतो आहे, यातच त्यांचं समाधान.

आता माझ्याकडे वळते. मी म्हणजे भंडाऱ्याच्या कॉलेजची वक्तृत्वाची राणी. माहेरून येताना ट्रंकेत अकरा कप घेऊन आले होते. त्यातला एक लिंबू-चमच्याच्या शर्यतीचा होता, पण तो मी मागच्या रांगेत उभा करायचे. मुलींच्या शाळेत शिकवायचे आणि आमच्या मराठी मंडळाची कार्यवाह होते. पन्नाशीतली ती बाई आज मला रस्त्यात भेटली तर मी पलीकडच्या बाजूनं निघून जाईन. बोलताना एक बोट वर, पदर खांद्यावर ताठ, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी "अध्यक्षमहोदय". घरीसुद्धा सवयीनं तोंडातून निघायचं. आमचे हे जेवताना म्हणायचे, "अध्यक्षमहोदय, थोडं वरण वाढा." माझ्या मते वाद घालायचा तो जिंकण्यासाठी, नाहीतर माणसानं घरी बसून स्वेटर विणावा. भाऊजींचं शास्त्र मला भोळसटपणा वाटायचं, आणि जरा टोचायचंही. एकदा मी सभेत म्हणाले, "सगळ्या महिलांचं म्हणणं आहे, की पंखे बदलावेत." भाऊजींनी खिशातून पेन्सिल काढली. "सगळ्या म्हणजे कोणकोण, वहिनी? नावं सांगा." नावं निघाली तीन. एक मी, दुसरी माझी जाऊ, जिला मी विचारलंच नव्हतं, आणि तिसरी नवऱ्याच्या बदलीबरोबर दोन महिन्यांपूर्वी सिवनीला गेलेली. सगळे हसले. भाऊजी हसले नाहीत, त्यांनी शांतपणे लिहून घेतलं, "पंखे : दीड महिला." ते मी मनात ठेवलं.

तो वाद झाला त्या वर्षी भाऊजींच्या मुलाचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. सून बैहरकडची, जंगल खात्यातल्या नाकेदाराची मुलगी. घरी हिंदी बोलणारी, इथे प्राथमिक शाळेत शिकवायची. मंडळाचा कार्यक्रम असला की भाऊजी तिला घेऊन यायचे. आमच्या मंडळाच्या नियमाप्रमाणे मातृभाषा मराठी असेल तोच सभासद, बाकीचे पाहुणे. पाहुण्यांनी मागच्या रांगेत बसायचं, बोलायचं नाही. ती पोरगी दोन वर्षं मागच्या रांगेत बसत होती. नाटकाला सगळे हसले की अर्ध्या क्षणानं तीही हसायची. कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या मात्र आमच्याबरोबर उचलायची. त्याला नियमाची हरकत नव्हती.

वार्षिक सभेत भाऊजींनी ठराव मांडला. मराठी घरात लग्न करून आलेल्याला, आणि ज्याला मराठी शिकायची आहे अशा कोणालाही, सभासद करून घ्यावं, आणि मराठी येईपर्यंत त्यानं सभेत हिंदीत बोललं तर चालावं. कार्यवाह म्हणून विरोध करणं माझं काम होतं. मी चार दिवस तयारी केली. फुलस्केप कागदावर सहा मुद्दे काढले. हिरवी साडी नेसले, कारण तिच्यात माझा आवाज जास्त चांगला लागतो असा माझा समज होता.

भाऊजी बोलायला उभे राहिले. आणि शास्त्राप्रमाणे आधी आमची बाजू मांडायला लागले. म्हणाले, "विरोध करणाऱ्यायचं म्हणणं काही खोटं नाही. बाजारात हिंदी, दफ्तरात हिंदी, पोरं शाळेतून येतात ते हिंदीत. अख्ख्या गावात हा एक हॉल आहे, जिथं म्हातारी बाई 'मले' म्हणाली तर कोणी वळून पाहत नाही. इथं एकदा हिंदी आली तर सोय म्हणून येईन, अन् मग सोयच राहीन, मराठी जाईन. हे भ्याव खरं आहे. ज्याले हे भ्याव वाटत नाही, त्यानं या ठरावाले हात वर करू नये." लोक माना डोलवायला लागले. पहिल्या रांगेतल्या एका आजीबाईंनी डोळे पुसले. मी कागदाकडे पाहिलं. माझे सहाही मुद्दे गेले होते, आणि वर म्हातारीचा तो एक, जो मला चार दिवसांत सुचला नव्हता. "हेच म्हणणं आहे ना, वहिनी?" त्यांनी विचारलं. मी "हौ" म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

मग त्यांनी आपली बाजू मांडली, ती दोनच वाक्यांत. "दार बंद ठेवून आतमधी कोण उरलं, ते एकदा वळून पाहा. चाळिशीच्या खालचं कोणी दिसते का?" लोक खरंच मागे वळले. चाळिशीच्या खालची एकच जण बसलेली होती, मागच्या रांगेत, आणि तिला हात वर करायचा अधिकार नव्हता.

माझी पाळी आली. मी बोट वर केलं, पदर ताठ केला, "अध्यक्षमहोदय" म्हणाले, आणि पुढे काहीच नव्हतं. अकरा कपांची बाई, आणि हातात वापरून झालेला कागद. खाली बसायचं होतं. "माझ्यापाशी वेगळं काही नाही" असं म्हणून खाली बसता आलं असतं, जग काही बुडालं नसतं. पण ते 'दीड महिला' मला आठवलं, आणि मी म्हणाले, "ज्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात मराठी टिकली नाही, त्यांनी मंडळाच्या हॉलात तिची काळजी करू नये. सून आणताना मंडळाला विचारलं होतं का?"

हॉल फुटला. टाळ्या, हशा, खुर्च्यांवर थापा. इतकी मोठी दाद मला कॉलेजातही मिळाली नव्हती, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला ती गोड लागली.

भाऊजी उठले. वाटलं, आता चिडतील. त्यांनी हात जोडून लोकांना शांत केलं आणि म्हणाले, "वहिनीचं म्हणणं मी समजलो ते असं. माझ्या घरात मराठी कमी झाली. ते सून आली म्हणून झालं. म्हणून या कामी माझं मत धरू नये." स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या घराबद्दल, माझ्या टोमण्यातली मस्करी काढून टाकून त्यांनी तो सरळ मुद्दा करून दाखवला. मग माझ्याकडे पाहून नेहमीचंच विचारलं, "हेच म्हणणं आहे ना?"

आणि मी, मान ताठ ठेवून, दुसऱ्यांदा "हौ" म्हणाले.

"मग माझ्यापाशी याचं उत्तर नाही जी," ते म्हणाले. "ठराव वापस घेतो." आणि बसले.

सभा संपल्यावर आम्ही स्कूटरवर घरी निघालो. फाटकाशी आल्यावर आमचे हे म्हणाले, "त्याच्यापाशी उत्तर होतं. पण ते द्यासाठी सुनेले सगळ्यायच्या मधात उभं करा लागलं असतं. तो तसं करत नाही, तुले माहीत आहे." मी म्हणाले, "मी काय शिवी दिली का कोणाला?" हे म्हणाले, "ती तिथंच बसली होती वं." त्यावर मी जे म्हणाले तेही लिहिते. मी म्हणाले, "तिला कुठं समजते आपली मराठी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी पावशेर पेढे घेऊन दारात. "हरलो ना काल," म्हणाले. चेहऱ्यावर टोमणा नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं. मी पुडा घेतला, चहा केला, आणि त्यांच्यासमोर बसून दोन पेढे खाल्ले. दोन! आमच्या ह्यांनी त्या पुड्याला हात लावला नाही.

त्यानंतर मागच्या रांगेत ती दिसली नाही. भाऊजी यायचे, पण मंडळात त्यांनी पुन्हा तोंड उघडलं नाही. वाद घालायचे ते बाजारात, बँकेच्या रांगेत, न्हाव्याच्या दुकानात. सभेत मात्र मागच्या रांगेत जाऊन बसायचे, आणि सभा संपली की एकटेच खुर्च्या उचलायचे. सभा आता झटपट संपायच्या. कोणी समोरच्याची बाजू मांडत नव्हतं, त्यामुळे वेळ वाचायचा. मी दर सभेत जिंकत होते, आणि दर सभेला खुर्च्या कमी लागत होत्या.

मला अक्कल यायला सव्वा वर्ष लागलं, तीही स्वतःहून आली नाही. माझा मुलगा रायपूरहून नात घेऊन आला. पोर बोलायला लागलेलं. मी दोन्ही हात पुढे करून "आजीकडे ये" म्हणाले. तिनं आईच्या मागे लपून विचारलं, "मम्मी, दादी क्या बोल रही है?" माझी सून अमरावतीची आहे. तिच्या स्वयंपाकघरात मराठी का टिकली नाही हे विचारायला मंडळातून कोणी आलं नाही. त्या रात्री स्वयंपाकघरात मी एकटीच उभी होते, आणि सभेतलं ते वाक्य, माझंच, अख्खं ऐकू आलं.

पुढच्या सभेत मी स्वतः भाऊजींचा ठराव मांडला. एकमतानं पास झाला. विरोध करायला कोणी नव्हतं, कारण सभेला आम्ही नऊच जण होतो. सभासदत्वाचा कोरा फॉर्म घेऊन मी दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊजींच्या घरी गेले. ते अंगणात गव्हातले खडे निवडत बसले होते. मी सुरुवात केली, "भाऊजी, त्या दिवशी सभेत मी जे..."

त्यांनी हात वर केला. "माझ्याजवळ नका, वहिनी. मी तर त्या वादात होतो. माझं हरणं-जिंकणं चालते. ती वादात नव्हती." आणि आत हाक मारून सुनेला बोलावलं. मग गव्हाचं सूप उचलून स्वतः मागच्या परसात निघून गेले, म्हणजे आमच्या दोघींचं बोलणं त्यांच्या कानावर पडू नये. इतकी वर्षं मी त्यांना भोळसट म्हणत होते. माफी मागणाऱ्या माणसालाही आडोसा लागतो, हे मला त्या जाणाऱ्या पाठीकडे पाहून कळलं.

ती बाहेर आली. हात पिठाचे, ओढणी कमरेला खोचलेली. तिच्यापुढे माझी सगळी मराठी गळून गेली. आयुष्यात पहिल्यांदा मी बोट वर न करता बोलले, आणि तेही हिंदीत, तिला समजावं म्हणून. "बेटा, उस दिन मैंने सभा में जो कहा, वो मुझे कहना नहीं था। मुझे माफ़ करना।" आणि फॉर्म पुढे केला.

तिनं हात ओढणीला पुसले. फॉर्म घेतला, नीट वाचला, दोन्ही बाजू. चार पदरी घडी घातली. मला हातानंच बसायची खूण केली. मी बसले नाही. मग माझ्याकडे पाहून, एकेक शब्द जागेवर ठेवत, अगदी हळू म्हणाली,

"काकू, त्या दिवशी तुम्ही खूप छान बोलल्या. मले सगळं समजलं."